चित्र अडखळते, पण नेमके कुठे?

प्रश्न : टीव्हीला जोडलेल्या संगणकात यूएसबी ट्यूनर लावून मी छतावरच्या अँटेनाने मिळणाऱ्या डिजिटल वाहिन्या पाहतो. काही वाहिन्या स्वच्छ दिसतात, पण काहींवर चित्र अडखळते, मधूनच पडद्यावर चौकोनी ठोकळे उमटतात आणि बातम्यांची सरकती पट्टी तर सतत झटके खात जाते. याच संगणकावर साठवलेले चित्रपट मात्र विनातक्रार चालतात. प्लेअर बदलून पाहिला, नवे ड्रायव्हर घातले, ऑपरेटिंग सिस्टीमही पुन्हा बसवली, तरी फरक पडलेला नाही. आता ट्यूनर बदलावा की संगणक?

उत्तर : तूर्त दोन्ही राहू द्या. तुमच्या पत्रात निदान दोन वेगळ्या दुखण्यांची लक्षणे एकत्र आलेली दिसतात आणि ती वेगळी काढल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंधारात मारलेला दगड ठरतो. (ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा बसवण्यात मीही एकदा असाच अख्खा रविवार घालवला होता, दोष अखेर केबलच्या टोकाशी निघाला.)

सर्वांत आधी अडखळणाऱ्या वाहिनीचे दोन-तीन मिनिटांचे रेकॉर्डिंग करा आणि ते दोनदा पाहा, शक्य असल्यास दुसऱ्या एखाद्या संगणकावरही पाहा. रेकॉर्डिंग करताना संगणक चित्र उलगडत बसत नाही. ट्यूनरकडून आलेला प्रवाह तो जवळजवळ जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवतो. त्यामुळे प्रत्येक वेळी चित्र त्याच क्षणी, त्याच शब्दावर तुटत असेल, तर माहिती फाइलमध्ये पोहोचण्यापूर्वीच तुटलेली होती आणि प्लेअरमधली कोणतीही सेटिंग ती परत आणू शकणार नाही. उलट, तुटण्याची जागा दर वेळी बदलत असेल किंवा दुसऱ्या संगणकावर तीच फाइल स्वच्छ चालत असेल, तर अँटेना निर्दोष आहे आणि दोष चित्र उलगडण्यात किंवा पडद्यावर दाखवण्यात आहे.

त्याचबरोबर एका कागदावर अडखळणाऱ्या वाहिन्यांची नावे आणि प्रत्येकीची फ्रिक्वेन्सी लिहून काढा. डिजिटल प्रसारणात एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक वाहिन्या एकत्र बांधलेल्या असतात. या मोळीला मल्टिप्लेक्स म्हणतात. सिग्नल बिघडला की सहसा मोळीतल्या सगळ्याच वाहिन्यांना त्रास होतो. तुमच्या यादीतील वाहिन्या एकाच फ्रिक्वेन्सीच्या निघाल्या, तर संशय सिग्नलवर घ्यावा. त्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर विखुरलेल्या असून सगळ्या हाय डेफिनिशन असतील, तर संशय संगणकावर घ्यावा.

आता पहिली शक्यता, म्हणजे रेकॉर्डिंगच तुटलेले निघाले तर काय करायचे. प्रसारणाचा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांतून येतो आणि प्रत्येक पाकिटावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. क्रमांक गाळला गेला की सॉफ्टवेअरला पाकीट हरवल्याचे कळते. डीव्हीबी-टी या अँटेनावरच्या डिजिटल प्रसारणाच्या पद्धतीत प्रत्येक पाकिटाला १६ जादा बाइट जोडून पाठवतात आणि त्यांच्या बळावर पाकिटातील ८ बाइटपर्यंतच्या चुका वाटेतच दुरुस्त होतात. म्हणूनच डिजिटल चित्र जुन्या टीव्हीसारखे हळूहळू मुंग्यांनी भरत नाही. ते शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मर्यादा ओलांडली की एकदम कोसळते. टीव्हीहेडएंडसारख्या सॉफ्टवेअरच्या स्थितिदर्शक पानावर दोन आकडे दिसतात : दुरुस्त न झालेले ब्लॉक (म्हणजे पाकिटे) आणि क्रमांकातील खंड. चित्र तुटताना दोन्ही आकडे वाढत असतील, तर सिग्नल खराब आहे. पहिला आकडा जागचा हलत नाही आणि दुसरा मात्र वाढतो आहे, असे दिसल्यास सिग्नल ट्यूनरपर्यंत नीट आला असून पाकिटे पुढे, यूएसबीच्या वाटेवर किंवा ड्रायव्हरमध्ये सांडत आहेत. काही ट्यूनरांचे ड्रायव्हर पहिला आकडा कळवतच नाहीत आणि तो कायम शून्यच दिसतो, एवढे ध्यानात ठेवावे.

सिग्नलच्या पट्टीवर दिसणाऱ्या टक्क्यांवर मी स्वतः फारसा विश्वास ठेवत नाही. प्रत्येक ड्रायव्हर ते आपल्या मापाने मोजतो आणि ‘ताकद’ ९० टक्के दाखवणारा सिग्नलही गोंगाटाने भरलेला असू शकतो. पाहायची ती गुणवत्ता, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर. केबलची टोके उघडून पाहा : बाहेरच्या जाळीचा एखादा केसाएवढा तंतू मधल्या तारेला टेकलेला असणे, हा मला सर्वांत जास्त वेळा आढळलेला दोष आहे. छतावरच्या जोडात पाणी शिरले असेल, तर तेवढा केबलचा तुकडा कापून टाकणेच बरे. दोन वाटा करणारा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर साधारण साडेतीन डेसिबल सिग्नल खातो, तेव्हा त्याला वगळून एकदा थेट जोडणी करून पाहा. अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर तोही काढून पाहा. हा सल्ला उलटा वाटेल, परंतु प्रक्षेपण केंद्र जवळ असताना अति बलवान सिग्नलने ट्यूनर गुदमरतो आणि लक्षणे मात्र अगदी कमजोर सिग्नलसारखीच दिसतात. पूर्वी टीव्हीकडे असलेल्या ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी अनेक देशांत मोबाइल सेवेला दिल्या गेल्या आहेत. त्यामुळे फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीच्या वाहिन्या बिघडत असल्यास अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी मोबाइल लहरी अडवणारा फिल्टर बसवण्याचा विचार करावा.

पाकिटे यूएसबीच्या वाटेवर सांडत असतील, तर ट्यूनर हबमधून काढून थेट संगणकाला, शक्यतो मागच्या बाजूच्या जोडणीत लावा आणि यूएसबी उपकरणांना झोपवणारी वीजबचतीची सोय बंद करा. डीव्हीबी-टीची अख्खी मोळी सेकंदाला सुमारे ३२ मेगाबिटच्या वर जात नाही आणि यूएसबी २.०ची नाममात्र क्षमता ४८० मेगाबिटची आहे, त्यामुळे जागा अपुरी पडण्याचा प्रश्न सहसा येत नाही. अडचण असते ती खंडित होणाऱ्या पुरवठ्याची.

आता दुसरी शक्यता. साठवलेले चित्रपट नीट चालतात म्हणून संगणक समर्थ आहे, हा निष्कर्ष घाईचा आहे. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ पूर्ण चौकटींचा असतो, तर अनेक वाहिन्यांचे प्रसारण १०८०आय पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचे असते. एकात विषम ओळी आणि पुढच्यात सम. ही अर्धी चित्रे जोडून सलग हालचाल घडवणे, म्हणजे डीइंटरलेसिंग, हे चित्रपटाला कधी लागतच नाही. हे काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर पडले, तर जुना किंवा तापलेला संगणक दमतो. वाहिनी चालू असताना प्रोसेसरचा वापर आणि गळालेल्या चौकटींचा आकडा पाहा. दोन्ही चढलेले दिसले, तर प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग (म्हणजे चित्र ग्राफिक्स कार्डाकडून उलगडून घेणे) आणि ग्राफिक्स कार्डाचेच डीइंटरलेसिंग निवडा.

तुमच्या सरकत्या पट्टीचे दुखणे मात्र मला वेगळेच वाटते. डीइंटरलेसिंगनंतर प्रसारण सेकंदाला ५० चित्रांचे होत असून टीव्हीला जोडलेला संगणक पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा करत असेल, तर प्रत्येक पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवावे लागते, म्हणजे सेकंदाला दहा बारीक ठेचा. बोलणाऱ्या चेहऱ्यात त्या लपून जातात, एकसारख्या वेगाने सरकणाऱ्या अक्षरांत लपत नाहीत. यात ठोकळे उमटत नाहीत आणि आवाज तुटत नाही, हीच याची ओळख. रिफ्रेश रेट ५० हर्ट्झवर आणा. कोडी या प्लेअरमध्ये व्हिडिओप्रमाणे तो आपोआप बदलण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. जेथे प्रसारण ५९.९४चे असते, तेथे पडदा नेमका ६०वर ठेवल्यास सुमारे १७ सेकंदांनी एकदा झटका बसतो. म्हणून तेथे ५९.९४च निवडावे.

थोडक्यात, तुमचे ठोकळे बहुधा केबलमधून येत आहेत आणि पट्टीचे झटके रिफ्रेश रेटमुळे बसत आहेत. दोन्हींवर एकाच वेळी हात घालू नका, नाहीतर कशाने काय सुधारले ते कळणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे थेट प्रसारण पाहताना पाच-सात मिनिटांनी एकदा चित्र किंचित उडी मारते. रेकॉर्डिंग मात्र कितीही वेळा पाहिले तरी फाइल निर्दोष आहे. हे का होते?

उत्तर : ही दोन घड्याळांची कुरबुर आहे. प्रसारण केंद्र आपल्या २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाने चालते आणि तुमचे साउंड कार्ड स्वतःच्या. दोन्हींत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी साधारण पावणेसात मिनिटांत एका चित्राएवढे, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे अंतर साचते आणि प्लेअरला एक चित्र गाळावे किंवा दोनदा दाखवावे लागते. रेकॉर्डिंग पाहताना प्रसारण केंद्राच्या गतीने चालण्याची सक्ती नसते. आवाज जसाच्या तसा बाहेरच्या ध्वनियंत्रणेकडे पाठवण्याची सोय बंद करा आणि प्लेअरला आवाजाची गती सूक्ष्म प्रमाणात कमी-जास्त करू द्या.

प्रश्न : ट्यूनर एका खोलीतील संगणकात आहे आणि मी दुसऱ्या खोलीत वायफायवरून पाहतो. इंटरनेटवरचे व्हिडिओ सुरळीत चालतात, वाहिन्या मात्र थांबत थांबत चालतात.

उत्तर : इंटरनेटवरचा व्हिडिओ पुढचे अर्धे-एक मिनिट आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे वायफायची दोन सेकंदांची झोप तुम्हाला कळत नाही. थेट प्रसारणात पुढचे चित्र अजून आलेलेच नसते, मग साठा करणार कशाचा? शक्य असल्यास दोन्ही संगणक नेटवर्क केबलने जोडा. ते जमत नसेल, तर वाहिनी सुरू होताच पॉजचे बटण दाबून दहा सेकंद थांबा आणि मग पुढे चालवा. टाइमशिफ्ट (थेट प्रसारण थांबवून मागून पुढे पाहण्याची सोय) चालू असेल, तर तेवढा साठा हाताशी राहतो.