'ऑप्शनल' लिहिलंय, मग सॅट द्यायची कशाला?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक आई आपल्या मुलीला घेऊन नाशिकहून आमच्याकडे, परदेशी प्रवेशाच्या सल्ल्यासाठी, आली. मुलगी राज्य मंडळाची, सायन्सची, नुकतीच बारावीत गेलेली. २०२६ च्या फॉलला, म्हणजे तिथल्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राला, अमेरिकेत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं ठरलेलं. आईने वहीत चार विद्यापीठं लिहून आणली होती: पर्ड्यू, मिशिगन, यूसी सॅन डिएगो आणि मॅसॅच्युसेट्समधलं एक सरकारी विद्यापीठ. चौघांपुढे लाल पेनाने 'टेस्ट ऑप्शनल', म्हणजे सॅट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर द्यायचा की नाही हे अर्जदाराने ठरवायचं. "ऑप्शनल आहे तर बारावीच्या वर्षात हे आणखी एक ओझं कशाला? जेईई आहेच डोक्यावर."

प्रश्न रास्त होता, पण यादी जुनी होती. २०२० मध्ये कोरोनामुळे परीक्षा केंद्रं बंद पडली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी सॅटची अट काढली. नंतर वाटा फुटल्या. एमआयटीने २०२२ मध्ये अट परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक त्याच वाटेने गेले. पर्ड्यूलाही आता स्कोअर लागतो. मिशिगन खरोखर ऑप्शनल आहे. आणि कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं ऑप्शनलही नाहीत, ती 'टेस्ट ब्लाइंड' आहेत. म्हणजे १६०० पैकी १६०० मिळवून पाठवले तरी प्रवेशासाठी ते बघतच नाहीत. वहीतल्या एकाच शब्दाखाली तीन निराळे नियम दडले होते, आणि पर्ड्यू यादीत ठेवायचं तर परीक्षा देणं भागच होतं.

समजा, पर्ड्यू नसतं, तरी या मुलीला आम्ही सॅट द्यायलाच सांगितली असती. कारण तिची अकरावीची गुणपत्रिका. दहावीला ९४ टक्के, अकरावीला ६८. असं का, हे महाराष्ट्रातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. इंटिग्रेटेड क्लास, कॉलेजात नावापुरती हजेरी, अकरावीचे मार्क 'कोण बघतंय' म्हणून सोडून दिलेले. पण अमेरिकेतलं विद्यापीठ नववी ते बारावी चारही वर्षं मागतं आणि तिथे अर्ज वाचणाऱ्याला फक्त ९४ वरून ६८ वर आलेली रेघ दिसते. त्यात कॉलेजातून आजवर कुणी बाहेर गेलेलं नसलं, तर ६८ म्हणजे वर्गात कितवा नंबर हेही त्याला कळायला मार्ग नसतो. अशा वेळी गणिताचा चांगला स्कोअर त्या घसरणीच्या शेजारी उभा राहतो. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेतल्या, चारही वर्षं उत्तम ग्रेड असलेल्या मुलाला सॅटचा एवढा उपयोग होईलच असं नाही.

सॅट आता संगणकावर होते, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये. एकूण २ तास १४ मिनिटं. इंग्रजीचे दोन भाग, प्रत्येकी ३२ मिनिटांत २७ प्रश्न. गणिताचे दोन, प्रत्येकी ३५ मिनिटांत २२ प्रश्न. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईची सवय असलेल्या मुलांना हे वारंवार सांगावं लागतं. पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा भाग अवघड येणार की सोपा हे ठरतं. पहिला बिघडला तर सोपा भाग समोर येतो आणि मग वरचे गुण हाताबाहेर जातात.

ब्लूबुकमधली मोफत सराव परीक्षा तिने आधी काहीही तयारी न करता दिली: गणित ७००, इंग्रजी ५९०, एकूण १२९०. क्लास लावायच्या आधी हे करावंच. चुका पाहिल्या तर इंग्रजीत गोम निराळीच होती. उतारे तिला समजत होते, पण त्यांवर वेळ जात होता आणि शेवटाकडचे व्याकरणाचे प्रश्न घाईत उडत होते. खरं तर हमखास मिळणारे गुण तिथेच होते. सेमीकोलन, डॅश, दोन वाक्यं कशी जोडायची, एवढं पंधरा दिवसांत पक्कं होतं. आपल्याकडे ते फारसं शिकवलेलं नसतं इतकंच. मग क्रम बदलला: आधी व्याकरण, नंतर उतारे. आठवड्याला सहा तास, जास्त नाही.

ऑगस्टमध्ये गणित ७६०, इंग्रजी ६१०. ऑक्टोबरमध्ये गणित ७४०, इंग्रजी ६५०. दोन्ही वेळचे चांगले भाग एकत्र धरले की १४१०. याला सुपरस्कोअर म्हणतात. सगळीच विद्यापीठं तो धरत नाहीत, तेव्हा प्रत्येकाच्या साइटवर बघून घ्यावं. डिसेंबरमध्ये तिसरा प्रयत्न आईला हवा होता. आम्ही नको म्हटलं: पूर्वपरीक्षा आणि जेईई तोंडावर, आणि पर्ड्यू व मिशिगनच्या अर्ली ॲक्शनची, म्हणजे लवकरच्या अर्जाची, १ नोव्हेंबरची मुदत तोवर उलटलेली.

नावाची एक भानगड आधीच सांगून ठेवतो. मार्कशीटवर आडनाव पुढे, मग मुलीचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. सॅटची नोंदणी पासपोर्टप्रमाणेच करावी, नाहीतर केंद्राच्या दारात वाद होतो.

खरी डोकेफोड पुढे होती: मिशिगनला स्कोअर दाखवायचा की नाही. यासाठी विद्यापीठाच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधायचं आणि सी ९ हा विभाग काढायचा. तिथे दोन आकडे असतात. एक, किती टक्के विद्यार्थ्यांनी स्कोअर दिला. दुसरा, मधल्या निम्म्या मुलांचा पट्टा. मिशिगनला साधारण निम्म्याच मुलांचा स्कोअर आहे आणि पट्टा १३५० ते १५३० च्या आसपास. आई पट्टा बघूनच खचली. पण कमी गुणवाल्यांनी स्कोअर दाखवलेलाच नाही, त्यामुळे पट्टा वर सरकलेला आहे. उलट बाजूही तिला सांगितली: हे आकडे सगळ्या विद्यापीठाचे आहेत, इंजिनिअरिंगचे त्याहून वरचे असणार.

सरधोपट नियम असा की पट्ट्याच्या मध्यावर किंवा वर असाल तर द्या, तळाच्या खाली असाल तर देऊ नका. १४१० मधल्याच्या खाली होता. तरी द्यायचं ठरलं, कारण गणिताचे ७६० अकरावीच्या ६८ टक्क्यांच्या शेजारी उभे राहणार होते. गणित ७०० च्या आत राहिलं असतं तर मिशिगनला नाही म्हटलं असतं. मॅसॅच्युसेट्सला फार विचार करावा लागला नाही, दिला.

पुढची खबरदारी कॉमन ॲपमधली, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या साइटवरची. तिथे परीक्षांचा विभाग सगळ्या कॉलेजांना सामाईक असतो. एखाद्याला स्कोअर दाखवायचा नसेल तर त्याचा अर्ज पाठवण्याआधी तो तिथून काढायचा आणि त्या कॉलेजच्या स्वतःच्या प्रश्नांतही 'नाही' निवडायचं. एवढं करूनही तो फुटतो तो प्राचार्यांच्या शिफारसपत्रातून, कारण पालकांनीच कौतुकाने त्यांना आकडा सांगितलेला असतो.

निघताना आईने विचारलं, "आता टोफेल तरी ऑप्शनल आहे ना?" नाही. 'टेस्ट ऑप्शनल'मधली टेस्ट म्हणजे सॅट किंवा तिच्यासारखीच दुसरी प्रवेशपरीक्षा, एसीटी. इंग्रजीची परीक्षा वेगळी, आणि तिची तारीख त्याच दिवशी घेतली.