वायफायचं बटण चालूच होत नाहीये, काय करू?

प्रश्न : नमस्कार दादा, माझा लॅपटॉप चार-पाच वर्षं जुना आहे, विंडोज 10 होतं ते मुलाने 11 करून दिलं. परवापर्यंत सगळं छान चालू होतं आणि सकाळी उघडून बघते तर वायफाय बंद, खाली कोपऱ्यात विमानाचं चिन्ह, त्यावर क्लिक केलं की क्षणभर चालू झाल्यासारखं करतं आणि परत बंद. कीबोर्डवरची एक लाईट नारिंगी झालीये, आधी ती पांढरी असायची असं वाटतं. मोबाईलला त्याच राउटरवरून नेट मस्त येतंय. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो ठेवून जा, फॉरमॅट मारावं लागेल. शाळेची सगळी निकालपत्रकं त्यात आहेत हो, काय करू?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे फॉरमॅट मारू देऊ नका. वायफाय बंद झालं की फॉरमॅट हे उत्तर काही दुकानांत इतकं पाठ झालंय की लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगतात, आणि गंमत म्हणजे तुमच्या केसमध्ये बहुतेक फॉरमॅट मारून पण काही फरक पडणार नाही. का ते सांगतो.

लॅपटॉपमधल्या वायफाय कार्डाला (वायफायचे सिग्नल पकडणारा आतला छोटा भाग) दोन ठिकाणांहून बंद करता येतं, एक म्हणजे कीबोर्डवरची की किंवा बाजूचा स्विच, आणि दुसरं म्हणजे विंडोज. दोन्हीकडून चालू असेल तरच वायफाय लागतं. कीकडून बंद असेल तर स्क्रीनवर कितीही क्लिक करा, मेन स्विच पाडलेला असताना पंख्याचं बटण दाबत बसल्यासारखं आहे ते. तुमची ती नारिंगी लाईट आणि चालू होऊन लगेच बंद होणं, दोन्ही बघता मला कीवरच संशय येतोय.

तर आधी ती की शोधा. एचपीच्या बऱ्याच मॉडेलला ती एफ12 वर असते, चालू असताना लाईट पांढरी किंवा निळी आणि बंद असताना नारिंगी. डेल आणि आसूसच्या अनेक मॉडेलला एफएन धरून एफ2, एसरला एफएन आणि एफ3, लेनोवोला जुन्यात एफएन-एफ5 आणि नव्यात एफ7 किंवा एफ8. पण मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे नंबर पाठ करण्यापेक्षा कीवर अँटेनाचं नाहीतर विमानाचं चित्र कुठे आहे ते बघा. एकदाच दाबा आणि दहा सेकंद थांबा. लोक टकाटक पाच-सहा वेळा दाबतात आणि सम वेळा दाबलं गेलं की पुन्हा जिथे होतं तिथेच.

लाईट बदलली नाही तर आता अंदाज पुरे, लॅपटॉपलाच विचारू. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून तो काळा बॉक्स उघडा, त्यात एन-ई-टी-एस-एच, स्पेस, डब्ल्यू-एल-ए-एन, स्पेस, शो, स्पेस, इंटरफेसेस असं टाईप करून एंटर मारा. नव्या विंडोज 11 मध्ये ही कमांड लोकेशनची परवानगी मागते, मागितली तर सेटिंगमध्ये लोकेशन चालू करून परत द्या. आता जे उत्तर येईल त्यात रेडिओ स्टेटस नावाची ओळ शोधा. तिथे "हार्डवेअर ऑफ" दिसलं तर बंद कीकडून किंवा स्विचकडून आहे. "हार्डवेअर ऑन, सॉफ्टवेअर ऑफ" असेल तर विंडोजने बंद केलंय, मग सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जाऊन एअरप्लेन मोड काढा आणि वायफायचं बटण चालू करा, काम झालं. ती ओळच न येता "वायरलेस ऑटोकॉन्फिग सर्व्हिस चालू नाही" अशा अर्थाचा मेसेज आला तर दोष बहुतेक कार्डाचा नाही, त्याला चालवणारी विंडोजची सर्व्हिस बंद पडलीये : विंडोजचं बटण आणि आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी द्या, यादीत डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग शोधा, डबल क्लिक, स्टार्टअप टाईप ऑटोमॅटिक, मग स्टार्ट. आणि "सिस्टममध्ये वायरलेस इंटरफेसच नाही" असं आलं तर विंडोजला कार्डच दिसत नाहीये, त्याचं पुढे बघू.

तुमच्याकडे हार्डवेअर ऑफ येईल असा माझा अंदाज, आणि की दाबूनही ते हलत नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. "पूर्ण" हा शब्द मुद्दाम लिहिला. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, शटडाउन दिलं की विंडोज आपला आतला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अडकलेलाच राहतो. आपल्याला वाटतं शटडाउन म्हणजे पूर्ण बंद आणि रिस्टार्ट म्हणजे अर्धवट, इथे बरोब्बर उलटं आहे. शिफ्ट की धरून ठेवा आणि मग शटडाउनवर क्लिक करा, तेव्हा तो खरा बंद होतो. मग चार्जर काढा, पेन ड्राईव्ह-माऊस सगळं काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा आणि मग चार्जर लावून चालू करा. रात्रीतून गायब झालेलं वायफाय अनेकदा एवढ्यानेच परत येतं, विशेषतः कार्ड दिसेनासं झालेलं असेल तेव्हा.

तरी नाही झालं तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या आतल्या सेटिंगमध्ये) वायरलेसचा पर्याय बंद झालाय का बघायला लागेल (एचपीला चालू होताना एफ10, डेल-एसर-आसूसला एफ2, थिंकपॅडला एफ1). पण ताई, तिथे शिरायच्या आधी दोन गोष्टी करा, निकालपत्रकं पेन ड्राईव्हवर घ्या, आणि डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला लागलेलं कुलूप) चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून ते उघडायची रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण बायोसमध्ये काही बदललं की विंडोज कधीकधी ती 48 आकडी की मागतं आणि तेव्हा ती नसली की खरी पंचाईत होते, वायफाय राहिलं बाजूलाच.

आता कार्डच दिसत नसेल तर. स्टार्टवर राईट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स उघडा. कार्डाच्या नावावर खाली जाणारा छोटा बाण असेल तर ते डिसेबल आहे, राईट क्लिक करून एनेबल करा. पिवळा त्रिकोण असेल तर प्रॉपर्टीजमध्ये कोड लिहिलेला असतो, कोड 10 म्हणजे कार्ड सुरू होऊ शकत नाहीये, तिथे वरची पूर्ण बंद करायची युक्ती आधी करा आणि मग ड्रायव्हर. हा घोळ विंडोज अपडेटनंतर झाला असेल तर ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक करून बघा. ते बटण फिकं असेल तर कार्ड अनइन्स्टॉल करा (ड्रायव्हर पण काढू का असं विचारणाऱ्या चौकोनात टिक करू नका) आणि रिस्टार्ट.

नवा ड्रायव्हर हवा असेल तर सगळ्यांचा एकच प्रश्न, अहो नेटच नाही तर डाऊनलोड कसं करू? फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा, अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉट अँड टेदरिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला लगेच नेट येतं, वायफाय कार्डाची गरजच नाही. केबल मात्र डेटावाली पाहिजे, काही स्वस्त केबल नुसत्या चार्ज करतात. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून आपला मॉडेल नंबर टाकूनच घ्या, "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" वाल्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

नेटवर्क रीसेट (विंडोजच्या सगळ्या नेटवर्क सेटिंग मूळपदावर आणणं) सगळ्यात शेवटी, कारण त्यात सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड उडतात.

प्रश्न : माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे, पुढच्या कडेला वायफायचा सरकवायचा स्विच होता तो तुटला. विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स टाकलंय. वायफाय कुठून बंद आहे ते दाखवणारी आरएफकिल लिस्ट ही कमांड दिल्यावर हार्ड ब्लॉक्ड : येस येतं, अनब्लॉक करून पण जात नाही.
— निवृत्त वाचक, अंबरनाथ

उत्तर : काका, तुम्ही बरोबर जागी पोचलात. सॉफ्ट ब्लॉक (सॉफ्टवेअरने बंद केलेलं) कमांडने जातो, हार्ड ब्लॉक (स्विचने बंद केलेलं) जात नाही, तो तारेवरून येतो. तुटलेला स्विच कार्डाच्या एका पिनेला "बंद राहा" सांगत बसलाय. त्या काळच्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्डावर ही पिन नंबर 20, आणि तेवढी एक पिन चिकटपट्टीच्या बारीक तुकड्याने झाकली की कार्ड कायम चालू राहतं. जुगाड आहे पण चालतो. मात्र पिना खूप बारीक असतात, शेजारची झाकली गेली तर कार्ड चालणार नाही, त्यामुळे हात थरथरत असेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, बॅटरी काढल्याशिवाय कुणालाच हात लावू देऊ नका. नवं कार्ड घालायचा विचार असेल तर आधी चौकशी करा, जुन्या लेनोवो आणि एचपीच्या काही मॉडेलचा बायोस ठराविक कार्डं सोडून बाकी कुठलंच घेत नाही.

प्रश्न : दादा कार्ड खराब निघालं म्हणून ऑनलाइन इंटेल एएक्स201 मागवलं, नीट बसलं पण दिसतच नाही. लॅपटॉप रायझनचा (एएमडी प्रोसेसरचा) आहे. कार्ड डिफेक्टिव्ह आहे का?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : कार्ड चांगलं आहे मित्रा, जोडी चुकलीये. एएक्स201 हे अर्धंच कार्ड म्हण, त्याचा उरलेला भाग मदरबोर्डवरच्या इंटेलच्याच चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे रायझनवर ते कधीच दिसणार नाही. परत कर आणि एएक्स200 किंवा एएक्स210 घे, ती पूर्ण कार्डं आहेत. बसवताना अँटेनाच्या दोन बारीक तारा सरळ वरून दाबून टक आवाज येईपर्यंत लाव, तिरक्या दाबल्या की ती पितळी टोपी चेपते आणि मग वायफाय चालू होतं पण राउटरच्या शेजारी बसलं तरच रेंज येते.

प्रश्न : हे सगळं करायला वेळ नाही, सरळ यूएसबी डोंगल (यूएसबीत लावायचं छोटं वायफाय यंत्र) घेऊ का?
— वाचक, मडगाव

उत्तर : घ्या की. फक्त ड्युअल बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारं) घ्या, नुसतं 150 एमबीपीएस लिहिलेलं स्वस्तातलं डोंगल सहसा 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतं आणि राउटरचं 5 गिगाहर्ट्झवालं नाव त्याला दिसतच नाही. काही डोंगलमध्ये ड्रायव्हर आतच भरलेला असतो, लावलं की सीडीसारखा एक ड्राईव्ह दिसतो, त्यातून इन्स्टॉल करायचं. नेट नसलेल्या लॅपटॉपला असलंच घ्या.