वाचकांचे प्रश्न : दोनदा उडालेली आउटपुट जोडी

प्रश्न : मी हौसेखातर घरीच एक पॉवर अॅम्प्लिफायर जोडला आहे. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ व्होल्ट, ५ अँपिअरचा. आउटपुटला, म्हणजे स्पीकरला प्रवाह देणारे, २एन३०५५ आणि एमजे२९५५ हे ट्रान्झिस्टर. त्यांना चालवणारे ड्रायव्हर बीडी१३९ व बीडी१४०. स्पीकर ८ ओहमचा. महिनाभर तो उत्तम वाजला, मात्र गाणे लावलेले नसतानाही हीटसिंकला हात लाववत नसे. गणपतीत आवाज थोडा वाढवला आणि फ्यूज उडाला. पाहतो तर दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. नवी जोडी आणून बसवली, तर स्विच दाबताक्षणी तीही दोन्ही गेली. माल अस्सल असल्याची खात्री दुकानदार देतो. चूक कोठे असावी?
— एक वाचक, कळवा

उत्तर : पहिली जोडी का गेली आणि दुसरी का गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर सोपे असल्यामुळे ते आधी घेतो.

आउटपुट ट्रान्झिस्टर एकटा क्वचितच मरतो. त्याचा कलेक्टर बेसशी शॉर्ट झाला की सप्लायचा सगळा दाब (व्होल्टेज) ड्रायव्हरच्या एमिटरवर येतो, आणि बीडी१३९चे बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेने ५ व्होल्टपेक्षा अधिक सोसण्यासाठी बनलेलेच नसते. आपण मेलेली जोडी बदलली, पण तिने जाताजाता काय काय नेले हे तपासल्याचा उल्लेख पत्रात नाही. दोन्ही ड्रायव्हर, बायसचा (शांत अवस्थेतला प्रवाह ठरवणारा) ट्रान्झिस्टर आणि एमिटरमधले ०.३३ ओहमचे रेझिस्टर एक पाय सोडवून मोजावेत; बोर्डावर बसलेल्या अवस्थेतले माप फसवे असते. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर एका दिशेने ०.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत, उलट दिशेने काहीच नाही, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये कोणत्याच दिशेने काही दिसता कामा नये.

दुरुस्तीनंतर अॅम्प्लिफायर थेट प्लगमध्ये घालणे ही हौशी मंडळींची सर्वांत महाग सवय आहे. फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा तारेचा जुना दिवा सिरीजमध्ये घ्यावा. एलईडी दिवा येथे उपयोगाचा नाही. पिवळा दिवा आता शोधावा लागतो, पण स्टेशनजवळच्या एखाद्या जुन्या इलेक्ट्रिक दुकानात मिळून जातो. स्विच दाबल्यावर कपॅसिटर भरेपर्यंत दिवा क्षणभर पेटतो आणि मग मंद होतो. तो लखलखीत राहिला तर शॉर्ट अजून शिल्लक आहे, आणि आपली नवी जोडी मात्र वाचलेली आहे. तोवर स्पीकर जोडूच नये. आउटपुटवरचा डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत आल्यावरच तो लावावा, नाहीतर ३५ व्होल्टचा डीसी त्याची कॉइल काही क्षणांत जाळतो.

आता पहिल्या जोडीकडे येऊ. गाणे बंद असतानाही हीटसिंकला हात लाववत नसे, हे आपण ओझरते लिहिले आहे, पण निदान त्याच वाक्यात आहे. शांत अवस्थेत ३० मिलिअँपिअर प्रवाह असेल तर जोडीत सव्वादोन वॅटही खर्च होत नाहीत आणि हीटसिंक जेमतेम कोमट राहतो. हात लाववत नसेल तर प्रवाह त्याच्या दसपट असू शकतो. ०.३३ ओहमच्या रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट दिसले म्हणजे ३० मिलिअँपिअर, एवढे लक्षात ठेवले की बायस लावणे अवघड नाही.

हा शांत प्रवाह इतका का वाढला, याची दोन कारणे मला दिसतात. पहिले म्हणजे बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटलेला नसणे. आउटपुट ट्रान्झिस्टरचे जंक्शन तापले की प्रत्येक अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने त्याची बेस-एमिटर व्होल्टेजची गरज कमी होते. बोर्डावर गार हवेत उभ्या असलेल्या बायस ट्रान्झिस्टरला त्याचा पत्ता नसतो, म्हणून तो जुनाच व्होल्टेज देत राहतो, प्रवाह वाढतो, जोडी आणखी तापते आणि हे चक्र फ्यूजपाशीच थांबते. दुसरे कारण म्हणजे प्रीसेट, बायस जुळवण्याचा छोटा फिरवता रेझिस्टर. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या कार्बन प्रीसेटचा सरकता पाय संपर्क सोडतो. तो बायस ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये असेल, तर संपर्क सुटताच तो ट्रान्झिस्टर बंद होतो, बायस पूर्ण चढतो आणि दोन्ही आउटपुट एकदम वाहू लागतात. आपली दुसरी जोडी दोन्ही बाजूंनी एकदम गेली, म्हणून माझा पहिला संशय येथेच आहे. एकटा ड्रायव्हर शॉर्ट झाल्यास बहुधा एकाच बाजूचा ट्रान्झिस्टर आधी जातो. प्रीसेट बेस आणि एमिटरच्या बाजूला हलवावा. मग संपर्क सुटला तर बायस उतरतो, आवाज थोडा खरखरतो, पण काही जळत नाही.

राहिला ट्रान्सफॉर्मर. २४ व्होल्ट एसीचे साधे गणित ३४ व्होल्ट डीसी सांगते. हलक्या भाराला, रात्री घरातला दाब २४० च्या वर असताना, ते ३६ पर्यंत जाते. एक ट्रान्झिस्टर आउटपुटला टोकाला खेचतो तेव्हा दुसऱ्यावर जवळजवळ दोन्ही सप्लायची बेरीज, म्हणजे ७२ व्होल्ट, पडतात. २एन३०५५ची मर्यादा ६० आहे. तेव्हा दुकानदार खोटे बोलत असेलच असे नाही. अस्सल मालही येथे किती टिकेल याचा भरवसा नाही. १८-०-१८चा ट्रान्सफॉर्मर घेतल्यास ८ ओहमवर पंचवीसेक वॅट मिळतात, आणि इमारतीतल्या खोलीला ते पुरेसे आहेत, हे शेजारीही मान्य करतील. जुनाच ट्रान्सफॉर्मर ठेवायचा असेल तर एमजे१५००३ आणि एमजे१५००४ ही १४० व्होल्टची जोडी त्याच छिद्रांत बसते. २एससी५२०० या ट्रान्झिस्टरचा मोह मात्र टाळावा. तो बराच वेगवान आहे आणि जुन्या बोर्डावर कानाला न कळणाऱ्या कंप्रतेने गुणगुणू लागतो. आउटपुटवर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची सिरीज जोडी नसेल, तर ती कोणत्याही ट्रान्झिस्टरसोबत आधी घालावी.

प्रश्न : मोठ्या धातूच्या ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाची चकती घालूनही एक बाजू अधूनमधून शॉर्ट होते. चकती बदलून पाहिली, तरी काही दिवसांनी तेच.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : छिद्राच्या कडेला ड्रिलने उठलेली धार बोटाने चाचपून पाहावी. ती अभ्रकाला हळूहळू भेदते. ट्रान्झिस्टर तापून पसरला की टेकते, गार झाला की सुटते. मोठे ड्रिल बिट हाताने फिरवून कड मोडावी, चकतीच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर द्यावा, आणि स्क्रूवरच्या प्लास्टिकच्या बुशी चिरल्या नाहीत ना, ते पाहावे. या ट्रान्झिस्टरची धातूची टोपी म्हणजेच कलेक्टर असल्यामुळे, वायर जोडण्याआधी टोपी आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावावा. स्क्रू पूर्ण आवळल्यावर लावावा. सैल असताना सगळेच ठीक दिसते.