काकूंच्या हिरड्या आणि मशेरीची डबी

"मॅडम, माझ्या हिरड्यांत कॅन्सरचे किडे असतील का हो?" पदर तोंडाशी धरूनच काकूंनी विचारलं. दात घासताना रक्त यायचं, त्यातच मुलाच्या मोबाइलवर मेसेज आला की हिरड्यांतले जंतू आतड्यात जाऊन कॅन्सर करतात. दोन आठवडे त्यांचं जेवणावरून मन उडालं होतं.

मेसेज अगदीच खोटा नव्हता, हे मी त्यांना आधी सांगितलं. फ्यूझोबॅक्टेरियम नावाचा तोंडातला जंतू मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत सापडतो. 2024 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा 200 गाठी तपासल्या, तर त्याचा एक खास उपप्रकार जवळपास निम्म्या गाठींत निघाला. पण गाठीत सापडला म्हणून गाठ त्यानेच केली, असं होत नाही. 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात हिरड्यांचा आजार झालेल्या पुरुषांत कॅन्सरचं प्रमाण 14 टक्क्यांनी जास्त दिसलं. हा आकडा ऐकून माणसं हबकतात. शंभरातल्या चौदांना कॅन्सर होतो, असा त्याचा अर्थ नाही. जिथे दहा जणांना झाला असता, तिथे साधारण अकरा जणांना, एवढाच.

काकूंचा श्वास जरा मोकळा झाला. मग मी सहज विचारलं, "दात कशाने घासता?"

"मशेरीनं. सकाळी, जेवल्यावर, झोपताना."

"आणि तंबाखू?"

"छे! तंबाखूला हात नाही लावला कधी."

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. पण सासूने हातावर ठेवलेल्या, दात दुखायचे थांबवणाऱ्या या काळ्या पुडीला आपल्याकडे कुणी व्यसन म्हणतच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. जंतूंचा संबंध अजून तपासला जातोय. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे मात्र पक्कं ठाऊक आहे. काकू ज्याला घाबरत होत्या त्यापेक्षा मोठा धोका त्यांच्या कमरेच्या पिशवीत होता.

दातांच्या डॉक्टरांकडे जायलाही त्या तयार नव्हत्या. "साफ केले की दात हलतात म्हणे." दातांवर चढलेला कडक थर निघाला की काही दिवस तसं वाटतं, कारण त्या थराचा आधार गेलेला असतो, दात साफ केल्याने ढिले होत नाहीत, हे समजावलं. गालाच्या आत चट्टा आहे का तेही बघून घ्या म्हटलं, आणि तंबाखू सोडवणारी मोफत हेल्पलाइन 1800-11-2356 कागदावर लिहून दिली.

दीड महिन्याने त्या परत आल्या. चट्टा नव्हता, रक्त जवळजवळ थांबलं होतं. मशेरी तीनदाची एकदा झाली होती, सकाळच्या चहानंतरची. ती काही सुटेना. डबी आता सुनेकडे ठेवायला दिली आहे म्हणाल्या, आणि पुढच्या सोमवारची वेळ मागून घेतली.