एस्प्रेसो मशीनचं प्रेशर चढत नाही, पंप बदलावा का?

लगेच पंप मागवू नका.

तुम्ही लिहिलंय की प्रेशरचा काटा तीन-चार बारच्या वर जात नाही, कॉफी दहा सेकंदांत भसकन पडते, मशीन दोन वर्षांचं आहे आणि धुळ्यात त्याला हात लावायला कोणी तयार नाही. आमच्याकडे चोपड्याला अगदी हेच झालं होतं. मी दुसऱ्याच दिवशी पंप मागवला, बसवला, आणि काटा होता तिथेच. जुना पंप अजून डब्यात पडलाय, ठणठणीत.

खरं तर घरी केळीला ड्रिप आहे, मला हे आधीच सुचायला हवं होतं. पंप फक्त पाणी ढकलतो, प्रेशर चढतं ते पुढच्या अडवणुकीमुळे. नळीचं शेवटचं टोक उघडं राहिलं तर मोटार कितीही दमदार असो, हेडवरचा, म्हणजे मोटारीजवळच्या फिल्टर-व्हॉल्व्हच्या जोडणीवरचा, काटा हलत नाही. मशीनमध्ये ही अडवणूक दाबून बसवलेली कॉफी करते. ड्रिपला एक-दीड किलो प्रेशर पुरतं, इथे नऊ बार हवं, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण नऊ किलो. खोक्यावर १५ बार छापलेलं असतं ती पंपाची कमाल ताकद. कॉफीवर तेवढं येणं अपेक्षितच नाही.

म्हणून आधी एक चाचणी करा. हँडलमध्ये कॉफी न घालता बंद, म्हणजे भोकं नसलेली चाळणी लावा, किंवा मशीनसोबत साफसफाईची रबरी चकती आली असेल तर ती चाळणीत ठेवा. बटण दाबून दहा सेकंद काटा बघा. नंतर हँडल लगेच काढायचं नाही. काही मशीनमध्ये आतलं प्रेशर सोडायची सोय नसते, उकळतं पाणी अंगावर उडतं. दोन-तीन मिनिटं थांबा.

काटा नऊच्या पुढे गेला तर मशीनला काही झालेलं नाही, दोष दळणात आहे. किराणा दुकानातली तयार पावडर बहुतेक वेळा जाड असते, वर त्यात चिकोरी. १८ ग्रॅम ताजी, बारीक दळलेली कॉफी घ्या. २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅमच्या आसपास आली की जमलं. घरी दळायची सोय नसेल तर दुपदरी चाळणी वापरा, तिच्या तळाला एकच बारीक भोक असतं आणि अडवणूक तेच करतं. ते बुजलं तर उलटं होतं, काटा वर आणि कपात थेंब नाही. टाचणी फिरवली की झालं.

चाचणीतही काटा चारवरच राहिला तर पाण्याची टाकी उघडून, बटण चालू असताना आत बघा. बऱ्याच मशीनमध्ये एक बारीक नळी टाकीत परत आलेली असते. तिच्यातून धार लागली असेल तर चोर सापडला. ड्रिपच्या हेडवर बायपास असतो ना, जास्तीचं पाणी विहिरीत परत सोडणारा? तो उघडा राहिला की शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचत नाही. मशीनमध्ये तेच काम जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह करतो. माझा तोच अडकला होता.

प्लग काढून, मशीन पूर्ण थंड करून मी तो ओट्यावर वर्तमानपत्रावर उघडला. शेजारचे आप्पा डोकावून म्हणाले, "काय करी राह्यना भो?" आत एक स्प्रिंग, एक छोटी गोळी आणि गोळीच्या बैठकीवर क्षाराचा पांढरा कण, बाजरीच्या दाण्याहूनही बारीक. तेवढ्यानं गोळी नीट बसत नव्हती. बोअरचं पाणी आणखी काय करणार! आमच्या कूलरच्या जाळीवर आणि गिझरच्या कॉइलवरही तोच पांढरा थर असतो. सगळे भाग सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात अर्धा तास ठेवले, जुन्या टूथब्रशनं घासले, धुऊन परत बसवले. उघडण्याआधी नळ्यांचे फोटो काढा आणि समायोजनाचा स्क्रू किती आटे फिरला ते मोजून लिहून ठेवा. मी लिहिलं नव्हतं, मग काटा नऊवर आणायला अख्खी दुपार गेली.

धार नसेल तर हँडलच्या कडेनं पाणी झिरपतंय का बघा. तिथलं गास्केट म्हणजे कुकरची रिंगच, कडक झालं की बदलायचं. टाकी मध्येच कोरडी पडली असेल तर पंपात हवा धरते, आवाज मोठा येतो आणि पाणी नाही. टाकी भरा, वाफेचा नळ उघडा आणि पाण्याची अखंड धार येईपर्यंत थांबून थांबून चालवा.

आणि व्होल्टेज. या पंपात कॉइलच्या आत एक लोखंडी दट्ट्या सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो. व्होल्टेज पडलं की त्याचा जोर जातो. आमच्याकडे संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की मीटर १८० दाखवतं, तेव्हा धड मशीनही रडतं. त्यामुळे चाचणी व्होल्टेज पूर्ण असताना करा. फ्रिजचा स्टॅबिलायझर मात्र जोडू नका, मशीनचं हीटर बहुतेक वेळा हजार वॉटच्या आसपास किंवा वर असतं, त्याला पेलणार नाही.

हे सगळं नीट असूनही काटा चारवरच असेल, तर पंप मागवा.

दुरुस्तीनंतर मशीनमधून एक लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून फिरवा, मग दोन टाक्या साधं पाणी. ड्रिपच्या नळ्यांना सोडतो ते अ‍ॅसिड चुकूनही वापरू नका. पुढे टाकीत बोअरचं पाणी नको. मी आरओच्या पाण्यात थोडं नळाचं मिसळतो, आणि सायट्रिक दर दोन महिन्यांनी, ज्या रविवारी शेतातले फिल्टर धुतो त्याच रविवारी.