पान लावण्याआधी खात्यात जा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा अंक मिळाला. कामगारांच्या आरोग्यासाठी तू घडवलेल्या कारखान्याच्या गृहपत्रिकेचा हा पहिला अंक साहेबांना फार आवडला, कँटीनच्या टेबलांवर मात्र तो तसाच पडून राहिला, आणि आता पुढच्या अंकाचे मुखपृष्ठ निळे असावे की हिरवे, असे तू विचारतेस. या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. कामगार जिथे यंत्रांवर उभे असतात त्या खात्याचा तुझ्या दोन पानी पत्रात उल्लेख एकदाही नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

अंकाचे पान लावण्याआधी खात्यात जा. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. त्यात हात धुणे, रांग आणि जेवण वजा केले की वाचायला पाच-सहा मिनिटे उरतात, आणि तीही बहुधा उभ्यानेच. तुझा गुळगुळीत आर्टपेपर ट्यूबलाइटखाली चकाकतो आणि तेलकट बोटांचे ठसे त्यावर तसेच उमटून राहतात. प्रेसशॉपमधला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवरचा माणूस असे पान हातात घेतो, आपल्याच बोटांचा काळा ठसा पाहतो आणि ओशाळून ते खाली ठेवतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. साधा, न चकाकणारा मॅप्लिथो कागद घे.

अक्षरांचेही तेच. देवनागरीत वेलांट्या आणि रफार ओळीच्या वर जातात, उकार खाली उतरतात. दहा पॉइंटांच्या टाइपात आणि इतक्या कमी अंतरात तू ओळी बसवल्या आहेस, त्यामुळे त्या एकमेकींत अडकल्या आहेत. ज्याचा चष्मा लॉकरमध्ये राहिला आहे, त्या पन्नाशीच्या माणसाला त्या कशा वाचता याव्यात? मजकूर बसत नसेल तर मजकूर काप, टाइप लहान करू नकोस. पिण्याच्या पाण्याच्या जागेवरची अक्षरे बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावीत, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बजावले होते. पाण्याच्या नळासाठी जो विचार कायद्याने केला, तो आपण सोळा पानांसाठी करू नये? तुमच्याकडे हिंदी बोलणारी मुले किती आहेत, हे तुला ठाऊक आहे का? खात्यात गेली असतीस तर ठाऊक असते.

समुद्रकिनारी ध्यान करणाऱ्या बाईचे छायाचित्र काढून टाक. त्या जागी इअरप्लग कसा घालावा ते चार चित्रांत दाखव: बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अनेकजण तो नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, हे त्यांना कोणी चित्र काढून सांगितलेले नसते.

आता माझी चूक सांगतो. मी काढत असलेल्या गृहपत्रिकेच्या एका अंकात मी दारू सोडलेल्या एका कामगाराची मुलाखत छापली. नाव बदलले, चेहरा टाळला, केवळ हातांचे छायाचित्र घेतले आणि मांडणी म्हणून ते पान मला फार सुंदर वाटले. त्या डाव्या हाताच्या तर्जनीचे टोक नव्हते. सगळ्या खात्याने त्याला पहिल्याच दिवशी ओळखले. त्याची लेखी संमती मी घेतली होती आणि ते आजही मी स्वतःला बजावतो. पण संमती त्याने नाव झाकण्याच्या भरवशावर दिली होती. प्रूफ घेऊन त्याच्या शेजारच्या मशीनपाशी दोन मिनिटे उभा राहिलो असतो, तर ते छायाचित्र मीच फाडले असते. त्यानंतर माझ्या पत्रपेटीत एकही चिठ्ठी पडली नाही.

म्हणून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक स्वतंत्र चौकटीत, मोठ्या मथळ्याखाली छापू नकोस. चारचौघांत त्या चौकटीकडे कोण पाहील? शेवटच्या पानावर रुग्णवाहिकेचा १०८, आणीबाणीचा ११२ आणि कारखान्याच्या दवाखान्याचा क्रमांक यांच्याच रांगेत, त्याच टाइपात तो दे, म्हणजे पाहणारा नेमके काय शोधतो आहे हे शेजाऱ्याला कळणार नाही.

साहेब पहिल्या पानावर अध्यक्षांचा संदेश मागतील. मी तो शेवटून दुसऱ्या पानावर नेला, त्यावरून भांडलो आणि अखेर ती नोकरी सोडली. लोक मला हट्टी म्हणाले. घरी त्याची झळ बसली, हेही खरे. तरीही ते पहिले पान अध्यक्षांचे नव्हते, असेच मी आजही म्हणेन. तू नोकरी सोडावीस असे मी म्हणत नाही, पण भांडण्याआधी हाती पुरावा हवा आणि तो खात्यातच मिळतो.

येत्या आठवड्यात दुसऱ्या पाळीच्या सुट्टीत अंकाची डमी, म्हणजे कच्ची प्रत घेऊन जा, साध्या कागदावरची, पिनाही न मारलेली. कोणालाही काही समजावू नकोस. कोणते पान कोणी किती वेळ धरले आणि कुठे ठेवले, तेवढे टिपून मला पाठव. मुखपृष्ठाचा रंग त्यानंतर बोलू.

तुझे,
सर