माझाच आवाज, पण मी बोललेच नव्हते

सध्या माझ्याकडे समुपदेशनासाठी चित्रकार, अनुवादक, डबिंगवाले असे बरेच जण येतायत आणि प्रश्न साधारण एकच, एआयमुळे आमचं काम जाणार, आता करायचं काय. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ती चाळिशीची, मुंबईत व्हॉइसओव्हर करते, जाहिराती, ट्रेनिंगचे व्हिडिओ वगैरे. एका स्टुडिओने तिच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून तिचा आवाज क्लोन केला, म्हणजे एआयने हुबेहूब तसाच आवाज तयार केला, आणि न विचारता नव्या जाहिरातीत वापरला. तिला कळलं कधी, तर मैत्रिणीचा "मस्त झालीय गं तुझी अ‍ॅड" असा मेसेज आला तेव्हा. तिने मला ती क्लिप मोबाइलवर ऐकवली. "मॅडम, एवढं लांब वाक्य आणि मध्ये कुठे श्वासच नाही बघा, मी अशी बोलूच शकत नाही," एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. झोप उडालेली, स्टुडिओचे फोन उचलत नव्हती, रात्री मुलीला गोष्ट वाचून दाखवणंही बंद, कारण स्वतःचा आवाज ऐकवत नाही म्हणे.

घरचे समजूत घालत होते, मशीनला भावना थोड्याच असतात, तुझी जागा कोण घेणार. मनापासूनच सांगत होते, पण मी हे वाक्य कुणालाच म्हणत नाही. तिचं काम खरंच कमी झालं होतं. ते झालंच नाही असं भासवलं की माणूस बोलायचाच थांबतो.

तिच्या मनात दोन गोष्टींचा गुंता झाला होता. एक पैशाची काळजी, आणि दुसरा राग, की इतक्या वर्षांची मेहनत कुणीतरी परस्पर उचलून नेली. राग आला की तिला वाटायचं आपण जास्तच इमोशनल होतोय. मी म्हटलं, अहो राग बरोबरच आहे तुमचा, आणि तुम्ही एकट्या नाही. 2023 मध्ये हॉलिवूडचे कलाकार 118 दिवस संपावर होते, त्यात कलाकाराच्या चेहऱ्या-आवाजाच्या डिजिटल कॉपीसाठी संमती आणि मोबदला हा मोठा मुद्दा होता. आपल्याकडे जुलै 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजीत सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेश दिला. हे ऐकून ती जरा सैलावली. पण तो नामवंत गायक, तेच संरक्षण तुम्हाला आपोआप मिळेल असं मी म्हणणार नाही हेही स्पष्ट सांगितलं आणि वकिलाकडे पाठवलं.

मग काळजीचं काम वेगळं घेतलं. कागदावर लिहायला लावलं, कुठलं काम गेलं, कुठलं टिकलंय, घरखर्च किती महिने निघेल. आकडा समोर आला की "सगळं संपलं" ही भीती आटोक्यात येते, निदान तिच्या बाबतीत आली. आता ती रेकॉर्डिंगच्या आधी मेल करते, आवाज कशासाठी, किती काळ, क्लोनिंगला परवानगी नाही. एकाने या अटीवरून काम काढून घेतलं, तिने ते जाऊ दिलं, दुसऱ्याने लगेच मान्य केलं.

झोप सुधारलीय. कमाई पूर्वीएवढी नाहीच, आणि त्यावरून घरात कुरबुरी होतात म्हणून पुढच्या वेळी नवऱ्यालाही बोलावलंय.